जॉर्डन लेकवर क्रॅपी लागत नाहीत? जागा बदलण्याआधी खोली तपासा

दर मार्चमध्ये मला फोन यायला लागतात. नॉर्थ कॅरोलायनात केरी, एपेक्स, मॉरिसव्हिल या पट्ट्यात आपली बरीच माणसं राहतात आणि तिथून जॉर्डन लेक जवळ. त्यात कोकणातल्या माणसाला पाणी दिसलं की गरवायला जावंसं वाटतंच. मग कुणीतरी एका रविवारी पुलाखालून पंधरा क्रॅपी घरी नेतं. पुढच्या शनिवारी त्याच पुलाखाली तेच आमिष लावून चार तास बसतं आणि रिकाम्या बादलीनं परत येतं. "दादा, मासे गेले कुठे?"

मासे बहुतेक वेळा तिथेच असतात, फक्त वर-खाली सरकलेले असतात. इतकी वर्षं याच तळ्यावर हीच तक्रार सोडवल्यावर मी आता आधी एकच विचारतो: बॉबरखाली (पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाखाली) किती फूट तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) सोडला होतास? निम्म्याहून जास्त जणांना ते सांगता येत नाही, आणि बिघाड तिथेच असतो.

नवीन मंडळींसाठी मासा थोडक्यात सांगतो. क्रॅपी म्हणजे तळहाताएवढा किंवा त्याहून मोठा, चपटा, चंदेरी अंगावर काळे ठिपके असलेला गोड्या पाण्यातला मासा. याच्या दोन जाती. पाठीच्या पंखात पुढे 7-8 कडक काटे असले तर ब्लॅक क्रॅपी, 5-6 असले तर व्हाइट. मांस पांढरं, सौम्य, रवा लावून तळायला उत्तम. तोंड मात्र कागदासारखं पातळ. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते आधी ठरवा:

- मागच्या आठवड्यात चाललेली जागा आज पूर्ण थंड.
- बॉबर हलतो, पण ओढल्यावर गळाला काही नाही.
- मासा लागतो आणि काठाजवळ किंवा बोटीजवळ येऊन सुटतो.
- लागतात ते सगळे लहान, परत सोडावे लागणारे.
- सोनारवर (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) मासे दिसतात, पण तोंड लावत नाहीत.
- दर दहा मिनिटांनी गळ फांद्यांत अडकतो.

पहिल्या आणि पाचव्या लक्षणाचं मूळ बहुधा एकच असतं. तिथूनच सुरुवात करू, कारण त्या तपासणीला एक पैसा लागत नाही.

खोली

क्रॅपी वर बघून खाणारा मासा आहे. डोक्यावरून जाणारा लहान मासा तो उठून पकडतो. पोटाखाली काय चाललंय याची त्याला फारशी दखल नसते. त्यामुळे मासे 8 फुटांवर असतील आणि तुमचं आमिष 7 फुटांवर, तर लागेल. आमिष 10 फुटांवर गेलं की तुम्ही माशाच्या खाली बसलात आणि दिवसभर बसून राहाल. आपल्याकडच्या सवयीनं "खाली सोडला की मासा मिळतो" असं वाटतं. तळाच्या माशांना ते लागू पडतं, क्रॅपीला नाही.

म्हणून सुरुवात कायम वरून करायची. 3 फुटांवर दहा मिनिटं, मग 5, मग 7, असं दोन-दोन फुटांनी खाली. दोघं असाल तर दोघांनी वेगवेगळी खोली धरायची. निम्म्या वेळात उत्तर मिळतं. एक मासा लागला की ती खोली दोघांनी घ्यायची. एवढं केलं तरी मला आलेल्या फोनांपैकी बरेचसे इथेच मिटतात.

यासाठी साधा चिकटवायचा बॉबर पुरत नाही. 4-5 फुटांपेक्षा जास्त तंगूस खाली असला की तो फेकता येत नाही, म्हणून लोक नकळत उथळ राहतात. स्लिप बॉबर घ्या. तंगूसावर दोऱ्याची छोटी गाठ, तिच्याखाली मणी, मग मधून भोक असलेला बॉबर, मग शिशाचा लहान गोळा आणि गळ. गाठ रिळात गुंडाळली जाते, त्यामुळे फेकताना बॉबर गळाजवळ असतो. पाण्यात पडल्यावर तंगूस बॉबरमधून सरकत खाली जातो आणि गाठीपाशी थांबतो. गाठ बोटानं वर-खाली केली की खोली बदलली. किंमत किरकोळ, आणि क्रॅपीसाठी याहून उपयोगी वस्तू मी दुसरी पाहिली नाही.

माझे बाबा मालवणहून पहिल्यांदा इथे आले तेव्हा काठावर बसून बराच वेळ नुसते बघत होते. मग म्हणाले, "मासो खंय आसा तां आधी बग, मगे गरी टाक." तेव्हा मला वाटलं, ते जागेबद्दल बोलतायत. त्यांनी पुढे होऊन माझ्या बॉबरची गाठ चार फूट वर आणली.

आडवा पडलेला बॉबर

ही खूण बहुतेकांना माहीत नसते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मासा लागला की बॉबर बुडणार अशी आपली अपेक्षा. क्रॅपी पुष्कळदा खालून वर येऊन आमिष घेतो आणि तसाच वर राहतो. मग गळाचा आणि शिशाचा भार बॉबरवरून जातो. ताठ उभा असलेला बॉबर हळूच कलतो आणि पाण्यावर आडवा होतो. बघणाऱ्याला वाटतं शिसं तळाला टेकलं किंवा वाऱ्यानं बॉबर पडला. तो तंगूस गोळा करायला जातो तोवर माशानं आमिष थुंकलेलं असतं.

बॉबर आडवा झाला की सैल तंगूस शांतपणे रिळात घ्या आणि काठी वर उचला. झटका नको. कागदी तोंडाला झटका दिला की गळ भोक पाडून निघतो. "बॉबर हलतो, गळाला काही नाही" आणि "काठाशी येऊन सुटतो" या दोन्ही तक्रारी अशा झटक्यातूनच येतात. काठी उचलायची, ताण कायम ठेवायचा, रिळाचा ड्रॅग सैल ठेवायचा म्हणजे माशानं जोर केला की तंगूस सुटत जाईल, आणि शेवटी मासा हातजाळ्यात घ्यायचा. काठीनं हवेत उचलून काठावर आणायला गेलात तर मोठा मासा हमखास जातो.

गळ, तंगूस, गाठ

आता थोडे डॉलर खर्च होतील. बास या मोठ्या माशाच्या मासेमारीचं जाड सामान घेऊन क्रॅपीला गेलेले लोक मी बरेच पाहतो. 4 ते 6 पौंड भार पेलणारा तंगूस पुरतो. जाड तंगूसावर लहान जिग (शिशाचं डोकं असलेला, नकली आमिषाचा गळ) नीट बुडत नाही. म्हणजे तुम्ही 10 फूट समजताय आणि आमिष 6 फुटांवर वाऱ्याबरोबर तरंगतंय. पुन्हा तोच खोलीचा प्रश्न.

मिनोसाठी (आमिषाच्या लहान जिवंत माशांसाठी) बारीक तारेचा 4 नंबरचा गळ घ्या. फांदीत अडकला तर काठी न झटकता तंगूस हातात धरून सरळ, सावकाश ओढा. बारीक तार उघडते आणि गळ सुटून येतो. पक्कडीनं पुन्हा वाकवा, टोक नखावर घासून बघा, नख ओरखडलं जात असेल तर गळ अजून चालतो. दर दहा मिनिटांनी जिग गमावणाऱ्याची तक्रार इथे संपते. मिनो ओठांतून किंवा पाठीच्या पंखाखालून ओवा, कण्याला टोचू नका. मेलेल्या मिनोला क्रॅपी क्वचितच येतो.

जिग वापरत असाल तर 1/16 औंसापासून सुरुवात करा, वारा नसेल तर 1/32. आणि जिगला बांधलेल्या गाठीकडे बघा. उभ्या पाण्यात जिग सोडलात तर ती आडवी, पोहणाऱ्या माशासारखी लटकायला हवी. एक-दोन मासे काढले की गाठ जिगच्या डोळ्याच्या (तंगूस बांधायच्या कडीच्या) पुढच्या बाजूला सरकते आणि जिग नाक वर करून उभी लटकते. दर माशानंतर अंगठ्याच्या नखानं गाठ मागे, वरच्या बाजूला सरकवा. दोन सेकंदांचं काम, पण "सोनारवर दिसतात, तोंड लावत नाहीत" या तक्रारीत मी खोलीनंतर सगळ्यात आधी हेच बघतो. त्यानंतर हाताची हालचाल. बहुतेक जण जिग सारखी नाचवतात. ती स्थिर धरा. तुमच्या हाताचा जो नैसर्गिक कंप असतो तेवढी हालचाल पुरते.

पाण्याचं तापमान

स्वस्तातला एक थर्मामीटर दोरीला बांधून जवळ ठेवा. हवा किती अंश आहे याचा उपयोग नाही, क्रॅपी पाण्याच्या तापमानावर चालतो.

पाणी 50 अंश फॅरनहाइटच्या खाली असेल तर मासे खोल, जुन्या नदी-ओढ्यांच्या पात्रांच्या कडेला दाटीनं असतात आणि फार सावकाश खातात. 50 ते 60 दरम्यान ते खाड्यांच्या (तळ्याच्या आत शिरलेल्या चिंचोळ्या भागांच्या) तोंडाशी जमतात, 6 ते 12 फुटांत, आणि अंडी घालायला आत जायची वाट बघतात. साधारण 60 ते 68 दरम्यान ते काठाला येतात, 2 ते 5 फुटांत, झुडपं आणि पडलेल्या झाडांपाशी. इथे हे बहुधा मार्चअखेर ते एप्रिलमध्ये होतं. नर घरट्याची राखण करतात आणि काळेकुट्ट दिसतात. त्यानंतर पुन्हा 8 ते 12 फूट.

पहिल्या लक्षणाचा उलगडा इथे होतो. रविवारी पाणी 62 होतं, मासे 3 फुटांवर होते. मधल्या आठवड्यात थंड वारा आला, पाणी 56 वर उतरलं, मासे त्याच खाडीत पन्नास यार्ड मागे, 8 फुटांवर गेले. तुम्ही काठावर 3 फुटांवर आमिष घेऊन बसलात. खाडी बरोबर होती, खोली चुकली.

उन्हाळ्यात अडचण वेगळी असते. पाण्याचे थर पडतात. वर गरम, खाली थंड, आणि खालच्या थरात प्राणवायू इतका कमी की मासा राहू शकत नाही. जॉर्डन लेकमध्ये पोषकद्रव्यं भरपूर, उन्हाळ्यात पाणी शेवाळानं हिरवट होतं, त्यामुळे हे इथे जास्तच जाणवतं. सोनार नसेल तर मिनो वापरून तपासा. जिवंत मिनो 12 फुटांवर पाच मिनिटं ठेवून वर काढा, मग दुसरा 20 फुटांवर. पहिला चळवळतोय आणि दुसरा मेलेला येतोय, तर 20 फुटांवर बसण्यात अर्थ नाही, मग तिथे कितीही सुंदर ब्रश पाइल (पाण्यात बुडवलेला फांद्यांचा ढीग) असो. त्या थराच्या जरा वर आमिष ठेवा.

आता जागा

एवढं करून झाल्यावर जागेचा विचार करा. क्रॅपीला आडोसा लागतो आणि जवळपास खोल पाणी लागतं. नुसता आडोसा किंवा नुसतं खोल पाणी पुरत नाही.

हे तळं धरणाचं आहे. हॉ नदी आणि न्यू होप क्रीक अडवून लष्कराच्या अभियंता विभागानं बांधलेलं. पसरट आणि उथळ, सरासरी खोली जेमतेम 14 फूट. अशा तळ्यात बुडालेल्या जुन्या ओढ्यांची पात्रं म्हणजे माशांचे हमरस्ते. नकाशावर खोलीच्या रेषा जिथे एकमेकींना खेटून येतात तिथे पात्राची कड असते. त्या कडेवर जिथे झाड, खांब किंवा ब्रश पाइल आहे तिथे थांबा.

बोट नसेल तर फॅरिंग्टन रोडच्या पुलाचा परिसर आणि यूएस 64 चा भराव इथून सुरुवात करा. पुलाचे खांब आडोसाही देतात आणि सावलीही, आणि पाण्याची वाट तिथे अरुंद होत असल्यानं शॅड (क्रॅपीचं खाद्य असलेले लहान मासे) तिथून जातात. खांबाच्या सावलीच्या बाजूला, अगदी खेटून, आमिष सोडा. चार फूट लांब पडलं तर उपयोग नाही. एबेनेझर, सीफोर्थ, पार्कर्स क्रीक या बाजूच्या खाड्या वसंतात चांगल्या. राज्याच्या वन्यजीव आयोगानं तळ्यात माशांसाठी आडोसे टाकले आहेत आणि त्यांची ठिकाणं आयोगाच्या संकेतस्थळावरच्या नकाशात आहेत. ते फुकट आहे आणि मी भेटतो त्यातले निम्मे लोक ते उघडूनही बघत नाहीत.

नुसते लहान मासे लागत असतील तर तुम्ही लहान माशांच्या थव्यावर आहात. मोठे बहुधा त्याच आडोशाच्या खोल बाजूला किंवा दाट भागात असतात. दोन फूट खाली आणि थोडं मोठं आमिष, एवढं करून बघा. तरीही लहानच, तर जागा सोडा. नाहीतर चिमुकल्यांची तोंडं फाडत बसण्याखेरीज काही होत नाही. जॉर्डन लेकवर 10 इंचांखालचा क्रॅपी ठेवता येत नाही आणि दिवसाला माणशी 20 ची मर्यादा आहे. नियमांचं नवं वर्ष ऑगस्टपासून सुरू होतं, तेव्हा दर वर्षी पुन्हा वाचा. 16 वर्षं आणि पुढे सगळ्यांना परवाना लागतो, भारतातून फिरायला आलेल्या आई-बाबांनासुद्धा. मोजपट्टी बादलीवरच चिकटवून टाका.

पातळी, रंग, हवा

तळ्याची नेहमीची पातळी समुद्रसपाटीपासून 216 फूट. मोठ्या पावसानंतर ती बरीच वर जाते, कारण पूर अडवणं हे या धरणाचं मुख्य काम. पाणी चढत असेल तर मासे बुडालेल्या झुडपांत शिरतात, उतरायला लागलं की पात्राकडे मागे सरकतात. पातळी अभियंता विभाग रोज जाहीर करतो. निघण्याआधी बघा.

गढूळ पाण्यात भडक पिवळसर हिरवा किंवा काळा रंग आणि आडोशाला अगदी चिकटून. निवळ पाण्यात पांढरा, राखाडी. रंगावर याहून जास्त वेळ घालवू नका.

थंड लाट येऊन गेल्यावरचा निळ्याशार आकाशाचा दिवस सगळ्यात कठीण. मासे आडोशात घट्ट बसतात. 1/32 ची जिग, दुप्पट सावकाश. नाहीतर दोन दिवस थांबा. उन्हाळ्यात रात्री पुलाखाली दिवा लावून बसणं उत्तम; उजेडाला किडे, किड्यांना शॅड, शॅडला क्रॅपी. फक्त फाटक किती वाजता बंद होतं ते आत शिरतानाच पाटीवर वाचा.

सोनार शेवटी

सोनार ही महागडी पायरी आहे आणि वरचं सगळं केल्याशिवाय ती घेऊ नका. मला विचाराल तर पहिले दोन हंगाम त्याशिवायच काढा. ज्याला खोलीची गाठ सरकवायची सवय नाही त्याला पडद्यावर मासे दिसून उपयोग होत नाही. असेल तर एकच गोष्ट: मासा ज्या खोलीवर दिसतो त्याच्या एक-दोन फूट वर आमिष थांबवा.

कुठे थांबायचं

तीन खोल्या, तीन जागा, तीन तास. तरी एकही चावा नाही, तर त्या दिवशी सामान आवरा.

काही ठिकाणी मात्र लगेच थांबा. वीज कडाडली की काठी खाली ठेवा आणि गाडीत बसा. ग्रॅफाइटच्या काठीतून वीज सहज वाहते. मुख्य तळ्यावर लाटांना पांढरा फेस दिसायला लागला की लहान बोट किंवा कयाक पाण्यात घालू नका. हिवाळ्यात आणि मार्चमध्येही पाणी इतकं थंड असतं की पट्टीचा पोहणारासुद्धा काही मिनिटांत हातपाय हलवू शकत नाही. लाइफ जॅकेट अंगात हवं, सीटखाली नको. 13 वर्षांखालच्या मुलांना चालत्या बोटीत ते घालणं इथे कायद्यानंच सक्तीचं आहे. पाण्यावर हिरव्या रंगाची साय सांडल्यासारखी दिसली तर मुलं आणि कुत्री पाण्यापासून दूर ठेवा.

बोटीचा फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा फ्यूज घालू नका. तारेत बिघाड आहे, आग लागू शकते, बोटीच्या विजेचं काम जाणणाऱ्याकडे न्या. गळ बोटात उलट्या काट्यापर्यंत शिरला असेल किंवा डोळ्याच्या आसपास लागला असेल तर ओढायचा प्रयत्न नको. तंगूस कापा, गळ हलणार नाही असा कापसानं टेकवा आणि सरळ डॉक्टरकडे जा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते त्यांना सांगा.

आणि तीन-चार शनिवार सगळं तपासूनही बादली रिकामीच राहत असेल तर परवानाधारक गाइड अर्ध्या दिवसासाठी घ्या. महाग वाटतो, पण नुसते मासे धरून आणायला त्याच्याबरोबर जाऊ नका, शिकायला जातोय असं आधीच सांगा. बोटीत बसल्याबसल्या पाण्याचं तापमान त्याला विचारून लिहून घ्या. पहिला मासा वर आला की आमिष किती फुटांवर होतं ते विचारा, आणि स्वतःच्या तंगूसावरची गाठ तेवढ्याच अंतरावर आणून ठेवा.